लेकरांना विश्वासात वाढवायचं कसं? रविवारची टेस्ट, शाळेचा दाखला, शेजार आणि घरची उपासना

मांजराकाठ
सर्वांना सलाम. जून जवळ आला की मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांत, एकच बोलणं असतं: दहावी झालेली लेकरं कोचिंगला लातूरला पाठवायची की नांदेडला? फी, खोली, मेस, सगळ्याचा हिशेब होतो. पण दोन वर्षं रविवारी सकाळी टेस्ट असणार आणि लेकरू उपासनेला जाणार नाही, यावर कुणी बोलत नाही. ते जणू ठरलेलंच. आणि त्याच्या आधीचा प्रश्न असा, की पंधरा वर्षं घरात काय पेरलं, ज्याच्या जोरावर ते परगावी उभं राहील?

आजूबाजूची हवाही साधी नाही. शाळेत "तुम्हाला किती पैसे मिळाले?" म्हणून विचारतात. मोबाइलवर द्वेष फिरतो. गावात दारू आहे, कोवळ्या पोरींची लग्नं आहेत, बापाच्या डोक्यावर कर्ज आहे. अशात ख्रिस्ती आईबापांनी नेमकं काय करावं? "प्रार्थना करा" हे उत्तर खरंच आहे. पण कधी, किती वेळ, कशी, आणि ती मोडते कुठे, हे जाणकारांनी लिहावं. घरोघरच्या कहाण्या नकोत. वाचणाऱ्याला उद्यापासून करता येईल असं लिहा.

शब्बाथशाळा_ताई
घरच्या उपासनेपासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

वेळ: संध्याकाळचं जेवण वाढायच्या आधी. जेवणानंतर ठेवली की धाकटी पेंगतात, आई भांड्यांत अडकते आणि आठ दिवसांत उपासना बंद पडते. सकाळी शाळेची घाई आणि नळाची पाळी असते, म्हणून सकाळी फक्त एक वचन आणि डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद, एवढंच.

लांबी: बारा ते पंधरा मिनिटं. घरात सहा वर्षांखालचं लेकरू असेल तर आठ. क्रम असा: एका गीताची दोन कडवी, आठ-दहा वचनांचं वाचन, एक प्रश्न, प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना, शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. वाचन पाळीपाळीने करा. जे लेकरू नुकतं वाचायला शिकलंय त्याला एकच वचन द्या, पण द्याच.

काय वाचायचं? बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून सुरू करणारी बहुतेक घरं तिसऱ्या, लेवीयच्या यज्ञांपाशी थांबतात. मार्कापासून सुरू करा. सोळा अध्याय आहेत, रोज दहा वचनं धरली तर सव्वादोन महिन्यांत शुभवर्तमान पूर्ण होतं. मग नीतिसूत्रे: एकतीस अध्याय, म्हणून तारखेप्रमाणे त्या अध्यायातली पाच-सहा वचनं. मग रूथ, योना, दानीएलाचे पहिले सहा अध्याय.

प्रश्न "यातून काय बोध मिळाला?" असा नको. लेकरं तोंडपाठ उत्तर देतात, "देवावर विश्वास ठेवावा". त्याऐवजी विचारा: यात कोण घाबरलंय? येशूने कुणाकडे आधी पाहिलं? त्या माणसाच्या जागी आपल्या गल्लीतलं कोण असेल?

पाठांतर आठवड्याला एकच वचन. रविवारी रात्री कागदावर लिहून पाण्याच्या माठाजवळ चिकटवायचं. नवीन वचन लावताना मागची चार पुन्हा म्हणून घ्यायची. उजळणी सुटली की वर्षाच्या शेवटी हातात दहासुद्धा राहत नाहीत.

गोदाकाठ
ताईंच्या यादीत एक धोका जोडतो. बापाची प्रार्थना. "हे प्रभू, या पोराला अक्कल दे, याचं अभ्यासात लक्ष लागू दे, हा मोबाइल सोडू दे…" ही प्रार्थना नाही, देवाच्या आडून दिलेली शिवी आहे. लेकरू डोळे मिटून ती ऐकतं आणि त्या दिवसापासून प्रार्थनेची वेळ त्याला शिक्षेची वाटते. इफिसकरांस ६:४ आणि कलस्सैकरांस ३:२१ या दोन्ही ठिकाणी पौल बापांनाच बजावतो की लेकरांना चिडीला आणू नका. तक्रार असेल तर ती एकांतात, तोंडावर सांगा. प्रार्थनेत लेकरासाठी देवाचे आभार माना, तेही नाव घेऊन आणि नेमक्या गोष्टीसाठी.

परभणीकर
पण शिस्तही हवीच ना? नीतिसूत्रे १३:२४ मध्ये छडी आवरणाऱ्या बापाबद्दल स्पष्ट लिहिलंय. हल्ली कुणी लेकराला काही बोलतच नाही. एली याजकाचं काय झालं ते शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहेच. मुलांचं पाप ठाऊक असून त्याने त्यांना आवरलं नाही.

मूळभाषा_अभ्यासू
परभणीकर दादा, एलीचा दाखला बरोबर आहे, छडीचा अर्थ मात्र तपासून पाहा. तिथला हिब्रू शब्द 'शेबेत', आणि तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाच्या हातातली जी काठी धीर देते तोही 'शेबेत'च. आपल्याकडचा धनगर काठी कशाला वापरतो ते बघा: वाट दाखवायला, खड्ड्यापासून वळवायला, लांडग्याला हाणायला. कोकराची पाठ फोडायला नाही.

एलीने मार दिला नाही ही त्याची चूक नव्हती. त्याने नुसतं तोंडाने समजावलं आणि मुलांना याजकाच्या जागेवर तसंच ठेवलं. म्हणजे परिणाम भोगू दिला नाही. घरात याचा अर्थ असा: नियम मोजके असावेत, चार-पाचच. मोडल्यावर काय होणार ते आधी सांगितलेलं असावं. आणि जे सांगितलं ते त्याच दिवशी, रागाविना व्हावं. फोनची वेळ मोडली तर दुसऱ्या दिवशी फोन नाही. खोटं बोलून पैसे घेतले तर ते काम करून फेडायचे. राग आलेला असताना शिक्षा ठरवायची नाही. आणि ती संपल्यावर जवळ घेऊन तो विषय मिटवायचा, पाहुण्यांपुढे पुन्हा काढायचा नाही.

शाळेत तर शारीरिक शिक्षेला शिक्षणहक्क कायदा २००९ ने बंदीच घातली आहे. शब्बाथशाळेतही, म्हणजे लेकरांच्या रविवारच्या बायबलवर्गातही, तोच दंडक असावा.

परभणीकर
काठीचं पटलं. आधी सांगितलेला परिणाम त्याच दिवशी व्हावा हे जास्त पटलं, कारण तिथेच सगळे ढिले पडतात. आई शिक्षा देते आणि आजी संध्याकाळी माफ करते. तेव्हा आजी-आजोबांना आधी विश्वासात घ्या, हे माझ्याकडून जोडा.

औसा_वेस
आजीला कमी लेखू नका. पौलाचा तरुण सोबती तीमथ्य, त्याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस हिच्यात होता, मग आई युनीकेत (२ तीमथ्य १:५). बाप तर ग्रीक होता.

नांदेडची_लेक
मूळ प्रश्नाकडे येते, रविवारच्या टेस्टकडे.

पहिली गोष्ट, केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. आठवड्याची सुट्टी द्यावी, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट ठेवू नये, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वर्ग नको, सोळा वर्षांखालच्या किंवा दहावीची परीक्षा न झालेल्या मुलाला प्रवेश नको, असं त्यात आहे. सुट्टी रविवारीच द्या असं मात्र कुठेही नाही, म्हणून ते मागून घ्यावं लागतं. एकट्या पालकाने फोन केला तर उत्तर ठरलेलं असतं: "सगळ्यांसाठी एकच टाइमटेबल." पाच-सहा पालकांनी मिळून, प्रवेशाचा पहिला हप्ता भरायच्या आधी, लेखी अर्ज द्यावा. मागणी छोटी ठेवा: टेस्ट नऊऐवजी साडेअकराला, किंवा त्याच पेपरला दुपारची दुसरी बॅच. प्रवेश झाल्यावर अर्जाला वजन राहत नाही.

दुसरी गोष्ट, वेळ नाहीच बदलली तर भांडण उपासनेच्या वेळेशी आहे, उपासनेशी नाही. पाळकसाहेबांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) जूनमध्येच भेटा. शनिवारी संध्याकाळी सात वाजता किंवा रविवारी चार वाजता विद्यार्थ्यांसाठी पाऊण तासाची उपासना ठेवता येते का, आणि महिन्यातून एकदा तिथेच प्रभुभोजन देता येतं का, ते विचारा.

छावणी_चर्च
कॅथलिक मंडळींसाठी: शनिवारी संध्याकाळचा मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना) रविवारच्या कर्तव्यात धरला जातो, धर्मविधी संहितेतच तशी सोय आहे. लेकराला हे ठाऊक नसतं आणि ते वर्षभर उगाच अपराधी मनाने फिरतं. आईबापांनी सांगून पाठवावं. ज्या गावात जायचं तिथे शनिवारचा मिस्सा आहे का, तेही आधी विचारून घ्यावं.

परभणीकर
मी थोडा वेगळा बोलतो. सोय म्हणून शनिवार ठीक. पण लेकराच्या डोक्यात "टेस्ट हलत नाही, देव हलतो" असं बसायला नको. दानीएलाने राजाचं अन्न नाकारताना दहा दिवसांची परीक्षा मागितली होती. विरोध केला, पण नम्रपणे आणि पर्याय हातात घेऊन. निदान नाताळ, शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे), पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) या तीन दिवसांसाठी लेकराने स्वतः अर्ज लिहावा. बापाने लिहून देऊ नये.

नांदेडची_लेक
दादा, मान्य. अर्ज लेकरानेच लिहावा ही सूचना माझ्या दोन्ही मुद्द्यांपेक्षा मोठी आहे. एक मात्र लक्षात ठेवा, नीट परीक्षाच मे महिन्यातल्या रविवारी दुपारी होत आली आहे. तेव्हा "रविवारी परीक्षा देणं पाप" असं घरी शिकवलं असेल तर त्या दिवशी लेकरू दोन ओझी घेऊन केंद्रावर जाईल.

मनाचा_दवाखाना
परगावच्या लेकरांबद्दल कळकळीने लिहितोय. कुठल्याही रविवारपेक्षा आधी हे वाचा.

आठवड्याच्या फोनवर पहिला प्रश्न मार्कांचा नको. "जेवलास का, झोप किती झाली, कुणाशी बोललास" हे आधी. झोप सलग दोन आठवडे बिघडली, जेवण सुटलं, मित्र तोडले, आवडीच्या वस्तू वाटून टाकल्या, "मी गेलो तर तुमचा खर्च वाचेल" अशा अर्थाचं काही बोललं, तर त्याच दिवशी गाडी धरा. सुट्टीची वाट पाहू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. तो लेकराच्या फोनमध्ये आजच टाका.

आणि विश्वासाच्या घरात हमखास होणारी चूक: "प्रार्थना कमी पडली म्हणून तुला निराशा आली." एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, मग पुन्हा उठवून खायला घातलं (१ राजे १९). डॉक्टरांचं औषध घेणं हा अविश्वास नाही. "तू नापास झालास तरी या घरातली तुझी जागा हलणार नाही" हे वाक्य लेकराला तोंडाने, शब्दांत सांगा. त्याला ते कळतच असेल असं धरून बसू नका.

औसा_वेस
आमेन. वरची पोस्ट मंडळीच्या फलकावर लावावी अशी आहे.

सत्यवचन
शीर्षकात दाखला आहे आणि त्यावर अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. विषय दुखरा आहे.

घरात येशूचं नाव आणि शाळेच्या जनरल रजिस्टरला दुसरा धर्म, अशी किती घरं मराठवाड्यात आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे. कारणही ठाऊक आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. धर्म बदलला म्हणून जातीचे चटके थांबत नाहीत, सवलत मात्र थांबते. हा अन्याय आहे आणि तो मोठ्याने म्हणायला हवा. यावर विचार करायला केंद्राने २०२२ मध्ये आयोगही नेमला.

पण लेकराचं काय होतं ते बघा. सहा वर्षांच्या पोराला आपण घरी सांगतो खरं बोल, आणि शाळेत सांगतो की आपण ख्रिस्ती आहोत हे बोलू नको. त्याचा पहिला धडा असा होतो की विश्वास ही लपवायची गोष्ट आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं, की ख्रिस्ती म्हणून जगत असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणं ही संविधानाशी फसवणूक आहे. पुढे जात पडताळणीत हे उघडं पडलं तर मिळालेला प्रवेश जातो.

जे हक्काचं आहे ते तरी घ्या. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहे. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो: आजोबा-पणजोबांचा शाळेचा निर्गम उतारा, महसुली नोंद, जुनी खासरा किंवा गाव-नमुन्याची नक्कल. सोबत नॉन-क्रीमीलेअर. बाप्तिस्म्याचा दाखला मूळ स्वरूपात जपा. रजिस्टरमधली नोंद दुरुस्त करायची असेल तर लेकरू शाळेत असतानाच मुख्याध्यापकांमार्फत करा. शाळा सुटल्यावर ते फार अवघड होऊन बसतं.

कोपीतला_दिवा
सत्यवचन भाऊ, तुमचा शब्द खोटा नाही. पण ज्या बापाकडे शिष्यवृत्तीशिवाय वसतिगृहाची फी नाही, त्याला मंडळी काय देते? त्याला खोटं बोलू नको म्हणायचं असेल तर मंडळीने दशमांशातून (लोक कमाईचा दहावा भाग देतात त्यातून) लेकरांच्या फीसाठी वेगळी पेटी ठेवावी. नाहीतर आपण त्याच्या पाठीवर ओझं ठेवतो आणि बोटही लावत नाही.

सत्यवचन
बरोबर. हे मी लिहायला हवं होतं. पेटीचा हिशेब दर तीन महिन्यांनी उपासनेनंतर वाचून दाखवावा. कुणाला दिलं ते नाव मात्र वाचू नये.

बेथेलचा_वाटसरू
थोडं आडवळण. अशा काळात वाटतं, आपली वेगळी वस्ती असती तर लेकरं सुरक्षित राहिली असती. एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं ते नव्या ख्रिस्ती लोकांना गावातून हाकललं जात होतं म्हणून. त्यांची गरज खरी होती. पण आज भिंत बांधून लेकरं वाचत नाहीत, कारण मोबाइल भिंतीच्या आतच असतो. यिर्मया २९ मध्ये बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांना काय सांगितलं? घरं बांधा, मळे लावा, आणि ज्या नगरात आहात त्याच्या हितासाठी झटा. टँकरच्या रांगेत म्हातारीची घागर आधी भरू देणं, शाळेच्या व्यवस्थापन समितीत बसणं, ग्रामसभेला जाणं, हे लेकरांना सोबत घेऊन करायचं.

शब्बाथशाळा_ताई
शेजारावरून आठवलं. प्रसादाचा प्रश्न दर गणपतीला येतो.

परभणीकर
घेऊ नये. १ करिंथ १०:२८ स्पष्ट आहे: हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नको.

मूळभाषा_अभ्यासू
त्याच्या आधीचं वचनही वाचा. कुणी जेवायला बोलावलं तर पुढे ठेवलेलं चौकशी न करता खा, असं पौल म्हणतो. म्हणजे शेजारच्या पोळ्याच्या पुरणपोळीला भिण्याचं कारण नाही. प्रसाद म्हणून हातावर दिला तर दोन्ही हात जोडून "काकू, आमच्यात घेत नाहीत, रागावू नका" एवढं लेकराला घरी बोलून शिकवा. दोन-तीनदा सराव करून घ्या, कारण अवघड वेळी लेकरू एकतर पळतं नाहीतर उद्धट बोलतं. दुसऱ्याच्या देवाला 'दगड' म्हणणारा शब्द आपल्या घरात कधीही निघू नये. तो तिथेच शिकला जातो आणि शाळेत फुटतो. भावकीत अर्धी घरं बौद्ध असतात. तिथे जयभीम म्हणायला, जयंतीला पाणी वाटायला लेकरं जाऊ द्या. माणसाला माणूस म्हणून उभं करणाऱ्याचा आदर करणं म्हणजे मूर्तिपूजा नव्हे.

शाळेत पूजेला बसवण्यावरून वाद झाला तर संविधानाचं कलम २८(३) माहीत असू द्या: मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय लेकराला धार्मिक उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. आधी वर्गशिक्षकांना एकटं भेटा, मग मुख्याध्यापकांना लेखी द्या. व्हिडिओ काढून पाठवू नका. त्याने लेकराचं त्या शाळेतलं जगणं कठीण होतं.

गोदाकाठ
"किती पैसे मिळाले?" या प्रश्नाला लेकराकडे दोन वाक्यं तयार असावीत. "आम्हाला कुणी पैसे दिले नाहीत. येशूवर आमचं प्रेम आहे म्हणून आम्ही चर्चला जातो." पुढे वाद नको. १ पेत्र ३:१५ मध्ये उत्तर द्यायला तयार राहा असं जिथे म्हटलंय, तिथेच सौम्यतेने द्या असंही म्हटलंय. घरच्या प्रार्थनासभेला स्पीकर लावायचा तर आवाज अंगणापुरता, आणि रात्री दहानंतर बंद. कायदाही तोच आहे, आणि शेजाऱ्याच्या लेकरालाही सकाळी शाळा असते.

कोपीतला_दिवा
बीड-धारूर-केजकडच्या घरांचं कुणी लिहिलं नाही. दिवाळीनंतर आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर जातात ते उन्हाळा लागेपर्यंत. त्यांना पंधरा मिनिटांची उपासना कशी सांगणार? पहाटे तीन-चारला उठून ऊस तोडायचा, गाडी भरायला रात्र होते. तिथे एवढंच: गाडीवर बसल्यावर एक गीत, आणि आठवड्याचं एकच वचन. ज्याला वाचता येत नाही त्याने ते फोनवर ऐकून पाठ करावं. अनुवाद ६:७ मध्ये घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना असं चारही ठिकाणी शिकवायला सांगितलंय. त्यातली वाट तरी यांच्याकडे आहेच.

लेकरं मागे राहत असतील तर ऑक्टोबरमध्येच मुख्याध्यापकांना भेटून हंगामी वसतिगृहात नाव द्या. जाताना मंडळीतल्या एका घराला "या लेकराची जबाबदारी तुमची" असं पाळकांसमोर सांगून जा. त्या घराने आठवड्यातून दोनदा जाऊन बघावं. मोठ्या पोरीला एकटी ठेवायची भीती वाटते म्हणून चौदा-पंधराव्या वर्षी तिचं लग्न उरकतात, मुळाशी हेच आहे. ती भीती मंडळीने वाटून घेतली तर लग्न थांबतं. नुसत्या उपदेशाने थांबत नाही.

नांदेडची_लेक
पाळकांनी मंडळीत लग्नाची घोषणा करण्याआधी दोघांचेही जन्मदाखले हातात घ्यावेत. आधारवरची तारीख पुरेशी धरू नये. मुलगी अठरा, मुलगा एकवीस. २००६ च्या कायद्याने बालविवाह लावून देणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कुणाला असं लग्न ठरल्याचं कळलं तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर कळवावं.

शब्बाथशाळा_ताई
मंडळीतल्या सुरक्षिततेचंही सांगून टाकते. शब्बाथशाळेच्या वर्गात नेहमी दोन मोठी माणसं, दार उघडं. लेकराला एकट्याने कुणाच्या गाडीवर पाठवायचं नाही, मग तो पाळक असला तरी. काही वाईट घडल्याचं कळलं तर ते 'मंडळीची बदनामी नको' म्हणून दाबायचं नाही. पॉक्सो कायद्याप्रमाणे (लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. लहानग्याला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याबद्दल प्रभू काय म्हणाला ते मत्तय १८:६ मध्ये वाचा.

मांजराकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. मंडळीसाठी एवढं उतरवून घेतलं आहे: उपासना जेवणाआधी, मार्कापासून. फीची पेटी. कोचिंगला पाच घरांचा एकत्र अर्ज, पहिल्या हप्त्याआधी. तीन सणांचे अर्ज लेकरांच्या हाताने. १४४१६ प्रत्येक फोनमध्ये. एकच विचारायचं राहिलं: शनिवारी संध्याकाळची उपासना सुरू केली तर क्लास साडेसातला सुटतो. लेकरं खोलीवर परत कधी जाणार? वसतिगृहाचं दार नऊला लागतं.

नांदेडची_लेक
पावणेआठ ते साडेआठ ठेवा. गीत दोन, वाचन एक, वचनावर दहा मिनिटं, उरलेला वेळ लेकरांना बोलू द्या. शेवटी भाकरी-पिठलं डब्यात बांधून द्या, म्हणजे मेसची वेळ चुकली तरी उपाशी झोपणार नाहीत. डबे महिला मंडळाने पाळीपाळीने करावेत. सुरुवातीला वीस पुरतील.

औसा_वेस
औसा रोडकडची वीस भाकरी माझ्याकडे लावा. पहिला शनिवार कोणता?